जुन्या स्पोर्ट्स कारची वाढीव वॉरंटी घ्यावी का? घेतली तर कुणाकडून?

मावळतीचा रस्ता:
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

कॉलेजात असल्यापासून मनात एकच गाडी आहे. दोनच सीटा, इंजिन पाठीशी, आणि तेही टर्बो नसलेलं सहा सिलिंडरचं. आता कुठे हिशेब जमतोय. पोर्शे केमॅन एस, ९८१ पिढीतली, ३.४ लिटरची. नवी घ्यायचा प्रश्नच नाही, कारण २०१६ मध्ये ७१८ नावाची पुढची पिढी आली आणि एसला चार सिलिंडरचं टर्बो इंजिन बसलं. मला हवा तो आवाज जुन्या गाडीतच मिळणार.

दोन गाड्या नजरेत आहेत, दोन्ही २०१४ च्या. पहिली मॅन्युअल, ७८,००० किमी, मालक स्वतःच विकतोय. सर्व्हिसची बिलं फाइलला नीट लावलेली, पण एक्झॉस्ट बाहेरचा बसवलाय. दुसरी पीडीके (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सची, ५२,००० किमी, जुन्या गाड्यांच्या डीलरकडे. दिसायला अगदी शोरूममधून काढल्यासारखी. डीलर म्हणतो, "ताई, दोन वर्षांची वॉरंटी देतोय, डोळे मिटून घ्या."

ही वॉरंटी डीलरची स्वतःची नाही, तिसऱ्याच एका कंपनीची आहे. माहितीपत्रकावर ‘इंजिन व गिअरबॉक्सला संपूर्ण संरक्षण’ असं ठळक छापलंय. करारनामा वाचायला मागितला तर "पैसे भरले की मेलवर येतो" म्हणाला. पहिल्या गाडीसाठी वॉरंटी मलाच शोधावी लागेल. बाहेरच्या दोन कंपन्या सापडल्यात, शिवाय पोर्शेची स्वतःची अप्रूव्ह्ड वॉरंटी मिळू शकते असं ऐकलं.

घरच्यांचं म्हणणं, वॉरंटी आहे ती गाडी घे. माझं मन पहिलीत अडकलंय. वॉरंटीसाठी गाडी बदलावी का? आणि वॉरंटी निवडताना नेमकं काय बघायचं? अनुभव असतील तर सविस्तर लिहा, मला घाई नाही.

तेलकट हात:
ताई, मनापासून शुभेच्छा. फार गुणी गाडी निवडलीत.

मी वीसेक वर्षं स्वतःचं गॅरेज चालवतोय, तर एक स्पष्ट सांगतो. करारनामा आधी दाखवत नसतील तर ती वॉरंटी मोजायचीच नाही. माहितीपत्रक म्हणजे जाहिरात. क्लेम नाकारताना कंपनी माहितीपत्रकातली ओळ दाखवत नाही, करारातलं कलम दाखवते.

दुसरं, आधी गाडी आणि मग वॉरंटी. दोन्ही गाड्या विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या माणसाकडून तपासून घ्या. लिफ्टवर चढवून, खालचे पत्रे काढून, कॉम्प्युटर जोडून. आज आजारी असलेल्या गाडीला कुठलीच वॉरंटी बरं करत नाही, कारण ‘करारापूर्वीचा दोष’ हे कलम सगळ्यांकडे असतं.

नवखी चालक:
वाचतेय. वाखू (वाचनखूण) साठवली.

हिशेबनीस:
माझं मत सरळ आहे, घेऊच नका. वॉरंटी विकणारी कंपनी सगळ्या ग्राहकांकडून गोळा करते त्याहून कमीच परत देणार, नाहीतर ती चालेल कशी? त्यात विकणाऱ्याचं कमिशन, जाहिरात, ऑफिसचा खर्च. तुम्ही भरलेल्या पैशातला किती भाग दुरुस्तीच्या वाट्याला येत असेल याचा विचार करा.

तेवढीच रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि दर महिन्याला थोडी भर घाला. गाडी बिघडली तर तिथून खर्च. नाही बिघडली तर पैसे तुमचेच, टायर घ्या, ब्रेक करा. माझ्याकडे सात वर्षं जुनी दोन सीटची गाडी आहे, या खात्यावर तीन मोठी कामं झाली आणि कुणाची परवानगी मागावी लागली नाही.

चौथा गिअर:
हिशेबनीस, तुमचं गणित सरासरीचं आहे. सरासरी हजार गाड्या असणाऱ्याला उपयोगाची. ताईंची गाडी एकच आहे. ड्युअल क्लचचा गिअरबॉक्स दुसऱ्या महिन्यात गेला तर त्या खात्यात दोनच महिन्यांचे पैसे असतील.

पण वॉरंटीनं माझंही भलं केलं नाही. माझी उघड्या टपाची गाडी, डीलरकडूनच वॉरंटीसकट घेतलेली. पाचव्या महिन्यात दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना हिसका बसायला लागला. वॉरंटी कंपनीला कळवलं. ते म्हणाले, गिअरबॉक्स उघडा, आमचा माणूस येऊन बघेल. उघडला. ट्रेमधल्या तेलात चंदेरी भुकटी चमकत होती, बोटावर घेतली तर बोट राखाडी झालं. त्यांचा तपासनीस आला, टॉर्च मारून दहा-बारा फोटो काढले आणि गेला. चार दिवसांनी पत्र: ‘क्लच प्लेटांची नैसर्गिक झीज, करारात समाविष्ट नाही.’

दुरुस्ती माझ्या खिशातून, आणि उघडण्याची मजुरीही माझ्याच खिशातून. गाडी सव्वादोन महिने उभी होती. त्या काळात गॅरेजच्या दारातून तिच्याकडे बघताना पोटात तुटायचं. म्हणून सांगतो, वॉरंटी घ्या, पण ‘झीज’ हा शब्द करारात कुठे कुठे आहे ते बोट ठेवून वाचा.

बाराखडी:
धागा लेकीला वाचून दाखवला. तिनं विचारलं, "पीडीके म्हणजे ‘पैसे देऊन कंटाळले’ का गं?" :) खरं नाव पोर्शे डोपेलकुप्लुंग, म्हणजे पोर्शेचा दुहेरी क्लच, असं सांगितलं तर म्हणते माझंच सोपं आहे.

कलमवाचक:
मी नऊ वर्षं वाढीव वॉरंटीच्या क्लेम विभागात काम केलंय. आता त्या क्षेत्रात नाही, त्यामुळे मोकळेपणानं लिहितो. लांबेल, पण ताईंनी सविस्तर मागितलंय.

करार मुळात दोन जातींचे. एकात काय काय समाविष्ट आहे त्याची यादी असते. यादीत नाव असेल तरच पैसे. दुसऱ्यात काय समाविष्ट नाही त्याची यादी असते, बाकी सगळं आपोआप आत. स्पोर्ट्स कारला शक्यतो दुसऱ्या जातीचा घ्यावा. या गाड्यांत असे भाग असतात जे साध्या गाडीत नसतातच. कमीजास्त कडक होणारे डॅम्पर, इंजिनचे बदलते माउंट, मागचं वर-खाली होणारं स्पॉयलर, त्यांच्या मोटरी आणि सेन्सर. साध्या गाडीसाठी बनवलेल्या यादीत यातलं काहीही सापडणार नाही. ‘इंजिन समाविष्ट’ असं लिहून पुढे ‘इंजिन म्हणजे फक्त तेलानं वंगण होणारे आतले भाग’ अशी व्याख्या दिली असेल, तर इंजिनवरच बसलेला वॉटर पंपसुद्धा बाहेर राहू शकतो.

मग ‘यांत्रिक बिघाड’ याची व्याख्या बघा. चांगल्या करारात भाग काम करेनासा झाला की बिघाड मानतात. वाईट करारात ‘अचानक आणि अनपेक्षितपणे मोडणे’ असे शब्द असतात. चौथा गिअर यांचा क्लेम बहुधा याच शब्दांवर पडला. हळूहळू खराब झालेली वस्तू अचानक मोडत नाही, आणि गाडीतल्या बहुतेक वस्तू हळूहळूच खराब होतात.

आता पैशाची कलमं. प्रत्येक क्लेमला कमाल किती, आणि संपूर्ण मुदतीत मिळून किती? या मर्यादा वेगवेगळ्या असतात. ताई, तुमच्या गाडीचा अख्खा गिअरबॉक्स बदलायला किती लागतील हे अधिकृत वर्कशॉपला फोन करून विचारा आणि तो आकडा क्लेमच्या मर्यादेशेजारी ठेवा. पीडीकेच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं, कारण बरीच वर्षं अधिकृत वर्कशॉपमध्ये हा गिअरबॉक्स आतून दुरुस्त करण्याऐवजी पूर्ण बदलायचीच पद्धत होती. एखादा आतला सेन्सर गेला तरी अंदाजपत्रक अख्ख्या गिअरबॉक्सचं यायचं.

मजुरीचा दर बघा. कंपनी तासाला ठरावीकच दर देते, स्पोर्ट्स कारच्या वर्कशॉपचा दर त्याहून चढा असतो आणि मधला फरक तुमचा. प्रत्येक क्लेमला तुम्ही किती भरायचं तेही बघा. आणखी एक कलम लोकांच्या लक्षात येत नाही: जुन्या भागाच्या जागी नवा बसला म्हणजे गाडीची किंमत वाढली, असं धरून किलोमीटरप्रमाणे टक्केवारी कापतात. ७८,००० किमीच्या गाडीला ही कपात जोरात लागते.

‘परिणामी नुकसान’ म्हणजे काय तेही समजून घ्या. समाविष्ट नसलेल्या एका छोट्या नळीतून कूलंट गळालं आणि त्यामुळे समाविष्ट असलेलं इंजिन तापून गेलं. पैसे मिळणार का? काही करारांत मिळतात, बऱ्याच करारांत नाही. हा प्रश्न लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या.

शेवटी करारामागे पैसे कुणाचे आहेत ते बघा. समोरची कंपनी फक्त कागदपत्रं सांभाळते की जबाबदारीही तिचीच? मागे विमा कंपनी आहे का? असल्यास करारात तिचं नाव असतं. वॉरंटी विकणारी कंपनीच बंद पडली आणि मागे कुणी नसेल, तर तुमच्या हातात फक्त कागद उरतो. माझ्या डोळ्यांसमोर असे ग्राहक फोन करून रडलेत.

चौथा गिअर:
कलमवाचक, हे तीन वर्षांपूर्वी वाचायला मिळालं असतं तर! आताच जुना करार काढून बघितला. ‘अचानक आणि अनपेक्षितपणे’. अगदी हेच शब्द.

मावळतीचा रस्ता:
कलमवाचक, खूप खूप आभार. प्रिंट काढून फाइलला लावलंय. डीलरकडे करारनामा पुन्हा मागितलाय, "वाचल्याशिवाय टोकन देणार नाही" असं स्पष्ट सांगून.

त्रिकोणी रोटर:
थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच. माझ्याकडे मझ्दा आरएक्स-८ आहे, रोटरी इंजिनची, म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो. वॉरंटी शोधताना दोन कंपन्यांनी ‘रोटरी’ शब्द ऐकूनच फोन ठेवला. खुद्द मझ्दानं अमेरिकेत या गाडीच्या इंजिनच्या गाभ्याची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली होती, यावरून इंजिन किती हळवं आहे ते कळावं. माझी गाडी त्या मुदतीत नव्हतीच.

मग मी घेण्याआधीच कॉम्प्रेशन मोजून घेतलं. याला साधा गेज चालत नाही, कारण प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात आणि तिन्हींचा दाब सुटा सुटा मोजता यायला हवा. खास यंत्र लागतं. दोन रोटर, सहा आकडे, सहाही एकमेकांच्या जवळ आले तेव्हाच गाडी घेतली. चार वर्षं झाली, दर दोन टाक्यांना तेल बघतो, थंड इंजिन कधी ताणत नाही. ९,००० आरपीएमच्या दिशेनं काटा चढताना जो आवाज येतो त्यासाठी एवढं करायला मी आनंदानं तयार आहे.

म्हणजे हिशेबनीस यांना माझं अनुमोदन, पण तपासणी ही खरी वॉरंटी समजा.

जुना बॉक्सर:
इथेच विचारतो, तेलकट हात काका. मला २००३ ची पोर्शे ९११ (९९६ पिढीतली) मिळतेय. आयएमएस बेअरिंगबद्दल इतकं ऐकलंय की झोप उडाली. अशा गाडीला वॉरंटी देतात का?

तेलकट हात:
९९६ ची जी साधी करेरा आहे तिच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्ट असतो. क्रँककडून येणारी गती तो कॅमशाफ्टच्या साखळ्यांना देतो. त्याच्या एका टोकाचं बेअरिंग म्हणजे हे आयएमएस. सुरुवातीच्या वर्षांत दुहेरी ओळीचं होतं, ते त्यातल्या त्यात दणकट. साधारण २००० ते २००५ च्या मॉडेलांत एकेरी ओळीचं आलं आणि तक्रारी मुख्यतः त्याच्याच. ते तुटलं की व्हॉल्व्हची वेळ चुकते आणि इंजिन बाद. २००६ ते २००८ च्या गाड्यांत मोठं बेअरिंग आहे, त्याला त्रास कमी, पण इंजिन दुभागल्याशिवाय ते निघत नाही. २००९ पासून करेराला नवं इंजिन आलं, त्यात हा शाफ्टच नाही. ताईंच्या ९८१ लाही नाही, त्यामुळे तिथे ही काळजी नको. ९९६ टर्बो आणि जीटी३ चं इंजिन वेगळ्या घराण्याचं, तिथेही हे बेअरिंग नाही.

तुमच्या २००३ च्या गाडीला बाहेरची वॉरंटी कुणी दिलीच तर ‘ज्ञात रचनादोष’ हे कलम शोधा. बहुतेक तिथेच आयएमएस अडकतं. त्यापेक्षा आधीच्या मालकानं बेअरिंग बदललंय का, कधी आणि कोणतं बसवलं, त्याचं बिल मागा. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरला की त्याच वेळी हे काम होतं, तेव्हा क्लचचं बिल असलं तरी विचारा. तेलाचा फिल्टर कापून घडीत धातूचे कण आहेत का ते बघायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे.

जुना बॉक्सर:
काका, उपकार झाले. फिल्टर कापून बघतो.

रात्रपाळी:
माझा मुद्दा बदलांचा. ताई, पहिल्या गाडीला बाहेरचा एक्झॉस्ट आहे म्हणालात. इंजिनचं ट्यूनिंग बदललंय का तेही बघा. रिमॅप केलेली गाडी मूळ स्थितीत आणली तरी कॉम्प्युटरमध्ये किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद राहते. मी गाडी ट्रॅकवर नेतो, आणि वॉरंटी घेताना कंपनीला तसं लेखी कळवलं. त्यांनी नकार दिला. मला राग आला नाही, ट्रॅकवर गाडी जे सोसते ते मी बघितलंय. पण निदान खोटं बोलून पैसे भरले नाहीत.

हिशेबनीस:
हे आवडलं. लपवून घेतलेली वॉरंटी म्हणजे पैसे पाण्यात.

तेलकट हात:
आता ताईंच्या गाडीकडे. तपासणीत डीएमई, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा ओव्हररेव्ह अहवाल नक्की काढा. हा कागद मला कुठल्याही वॉरंटीपेक्षा मोलाचा वाटतो.

इंजिन मर्यादेच्या आसपास आणि वर फिरलं की कॉम्प्युटर प्रत्येक ठिणगी मोजतो. सहा टप्पे असतात. पहिल्या टप्प्यांचे आकडे गाडी दाबून चालवली की येतातच, त्याचं काही नाही. वरचे टप्पे, चौथ्यापासून पुढचे, बघायचे. अॅक्सिलरेटरवरून इंजिन तिथे जाऊ शकत नाही, लिमिटर अडवतो. तिथे ते जातं चुकीच्या गिअरमुळे. पाचव्यात टाकायचं आणि पडला तिसरा, की चाकंच इंजिनला फिरवतात आणि लिमिटर काही करू शकत नाही. पीडीकेमध्ये हे सहसा होत नाही, गिअरबॉक्स असा गिअर घेतच नाही. मॅन्युअलमध्ये मात्र बघायलाच हवं.

आकडे बघून घाबरायचं नाही. सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला तीन ठिणग्या पडतात. ७,२०० आरपीएमला मिनिटाला २१,६०० म्हणजे सेकंदाला ३६०. ‘४,०००’ लिहिलेलं दिसलं तर ते अख्ख्या आयुष्यातले जेमतेम अकरा सेकंद.

त्याच कागदावर इंजिन एकूण किती तास चाललं तेही असतं. किलोमीटरला तासांनी भागा. सरासरी वेग येतो. मीटरवर किलोमीटर मागे नेणारे महाभाग आहेत, पण तास बदलायचं बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

कलमवाचक:
+१. आणि मीटरशी छेडछाड निघाली तर कुठलीही वॉरंटी त्या क्षणी रद्द, मग छेडछाड तुम्ही केलेली असो वा तुमच्या आधीच्या कुणी.

चौथा गिअर:
तासांचं माहीत नव्हतं. उद्याच माझ्या गाडीचे काढतो.

मावळतीचा रस्ता:
मंडळी, बातमी आहे. डीलरनं शेवटी करारनामा पाठवला. २३ पानं. कलमवाचक यांचं म्हणणं शेजारी ठेवून रात्री दोन वाजेपर्यंत वाचला.

करार यादीवाला आहे. गिअरबॉक्सच्या यादीत ‘गिअर, शाफ्ट, बेअरिंग’ आहेत, पण ‘इलेक्ट्रॉनिक व हायड्रॉलिक नियंत्रण’ समाविष्ट नाही असं पान १४ वर वेगळं लिहिलंय. एका क्लेमची कमाल मर्यादा मला वर्कशॉपनं सांगितलेल्या गिअरबॉक्सच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याइतकीसुद्धा नाही. पहिले ३० दिवस कुठलाच क्लेम नाही. आणि ‘अचानक आणि अनपेक्षितपणे’ हे शब्द पान ३ वर आहेतच.

माहितीपत्रकावर मात्र ‘संपूर्ण संरक्षण’. खूप राग आला.

कलमवाचक:
पान १४ नं प्रश्न मिटवला. पीडीकेमध्ये जे बिघडण्याची शक्यता जास्त तेच वगळलंय, आणि ज्या गिअर-शाफ्टना सहसा काही होत नाही ते दिलेत. ही वॉरंटी फुकट मिळाली तरी तिच्यासाठी गाडी बदलू नका.

बाहेरच्या दुसऱ्या कंपन्यांकडेही हेच तीन प्रश्न न्या: व्याख्या, मर्यादा, मागे पैसे कुणाचे. आणि पोर्शेच्या अप्रूव्ह्ड वॉरंटीची चौकशी पूर्ण करा. अनेक देशांत ती गाडी १५ वर्षांची होईपर्यंत नव्यानं घेत जाता येते, म्हणजे तुमच्या २०१४ च्या गाडीला अजून मुदत आहे. आधी अधिकृत वर्कशॉपमध्ये १११ मुद्द्यांची तपासणी करून घ्यावी लागते आणि त्यात निघालेली कामं स्वतःच्या खर्चानं. मूळ भागच लागतील, त्यामुळे तो एक्झॉस्ट आडवा येणार. टायरही बघतात, पोर्शेनं मान्य केलेल्या टायरवर एन अक्षर आणि आकडा अशी खूण असते.

बाराखडी:
एन चा अर्थ आमच्या लेकीला विचारू का? :)

त्रिकोणी रोटर:
विचारा विचारा, ती सगळ्यांत आधी करार वाचेल असं दिसतंय.

जुना बॉक्सर:
मध्येच येतो. फिल्टर कापला. घडीत बारीक चमकदार कण निघाले, चुंबकाला चिकटणारे. गाडी सोडली. दोन दिवस उदास होतो, पण तेलकट हात काकांच्या त्या दहा मिनिटांनी मला वाचवलं.

तेलकट हात:
योग्य केलंत. दुसरी मिळेल. मिळाली की इथे लिहा, सोबत बघू.

मावळतीचा रस्ता:
जुना बॉक्सर, तुमचं वाचून वाईट वाटलं, पण माझ्याकडेही तसंच काहीसं घडलंय.

दोन्ही गाड्यांचे अहवाल आले. डीलरची पीडीके: मीटरवर ५२,००० किमी, इंजिनचे तास २,३१०. भागाकार केला, ताशी साडेबावीस किमी. आधी वाटलं, शहराच्या गर्दीत फिरली असेल. पण ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड वितळल्यासारखी गुळगुळीत झालेली, आणि स्टिअरिंगवर घड्याळाच्या तीनच्या जागी चामडं चकचकीत. तपासणाऱ्यानं अधिकृत वर्कशॉपच्या नोंदी मागवल्या. तीन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसला ८१,००० किमी लिहिलंय. डीलर म्हणतो, नोंद चुकली असेल. मी टोकन दिलं नव्हतं, नमस्कार करून बाहेर पडले.

पहिली गाडी: ७८,००० किमी, १,६४० तास, सरासरी साडेसत्तेचाळीस. ओव्हररेव्ह पहिल्या टप्प्यात ४,१२०, दुसऱ्यात ३१०, बाकी चारही टप्प्यांत शून्य. बोअर कॅमेऱ्यानं सिलिंडरच्या भिंती बघितल्या, घासल्याच्या रेषा नाहीत. वॉटर पंपापाशी कूलंट सुकल्याचा हलका पांढरट डाग आहे, पंप बदलावा लागेल असं तपासणारा म्हणाला. रिमॅपची नोंद नाही.

मालकाला एक्झॉस्टबद्दल विचारलं. म्हणाले, मूळचा घरीच आहे. आणि खरंच, जिन्याखाली, जुन्या चादरीत गुंडाळून, नटबोल्टांची पिशवी त्याला दोरीनं बांधून ठेवलेला. ते बघितलं आणि माझं ठरलं.

हिशेबनीस:
चादरीत गुंडाळलेला एक्झॉस्ट! अशा माणसाकडून डोळे उघडे ठेवूनही निश्चिंत घ्यावी गाडी. ताई, मी माझं मत थोडं बदलतोय. उत्पादकाची वॉरंटी १११ मुद्द्यांची तपासणी पार करून मिळत असेल तर पहिली दोन वर्षं घ्या. खातं त्याच वेळी सुरू करा. दोन वर्षांत खात्यात गिअरबॉक्सपुरते नाही, पण बऱ्याच कामांपुरते पैसे साठतील, मग पुन्हा विचार करा.

चौथा गिअर:
हिशेबनीस यांना पहिल्यांदाच पूर्ण अनुमोदन.

रात्रपाळी:
क्लचचं काय? मॅन्युअल आहे, तर क्लच प्लेट कुठल्याही वॉरंटीत येणार नाही, ती झीजच. कधी बदलली ते फाइलमध्ये बघा.

मावळतीचा रस्ता:
बघितलं. ६१,००० ला बदललीय, बिल आहे.

पोर्शेच्या वर्कशॉपची तारीख पुढच्या मंगळवारची मिळाली. आधी मूळ एक्झॉस्ट बसवून घेणार, वॉटर पंप बदलणार. टायरवर खूण आहे, पण मागच्या दोघांची नक्षी संपत आलीय, तेही बदलावे लागतील. हे सगळं किमतीत धरून मालकाशी बोलले, त्यांनी खळखळ न करता मान्य केलं. घरच्यांना पान ३ आणि पान १४ वाचून दाखवलं. आता तेच विचारतायत, मंगळवार कधी येतो.

कलमवाचक:
उत्तम. दोन गोष्टी. पंप आणि टायरची कामं तपासणीच्या आधी आणि बिलासह. आणि वॉरंटीची तारीख कधीपासून सुरू होते ते विचारा, तपासणीच्या दिवसापासून की पैसे भरल्यापासून. मधल्या दिवसांत गाडी चालवू नका.

तेलकट हात:
आणि ताई, तेल बदलाल तेव्हा बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: तारीख, किलोमीटर आणि तेलाचा प्रकार. डब्यावर पोर्शेची ए४० मान्यता छापलेली असते, ती बिलावर उतरवायला सांगा. नुसतं ‘इंजिन ऑइल’ लिहिलेलं बिल घेऊ नका.

नवखी चालक:
ताई, मंगळवारी काय झालं ते नक्की लिहा. आणि जमलं तर थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज रेकॉर्ड करून टाका.

मावळतीचा रस्ता:
टाकते. मालकांनी परवा एकदा सुरू करून दाखवलं होतं, मी पाठीमागे उभी होते. तेव्हा मात्र फोन काढायचं भानच राहिलं नाही.